केरूनानांचा तारांकित प्रश्न

या गावातल्या माझ्या पहिल्याच ग्रामसभेत मी "सर्वांचं स्वागत" एवढं म्हणतो न म्हणतो तोच मागच्या खांबाजवळून एक हात वर आला आणि पाठोपाठ आवाज आला, "अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा हाय!"

धुतलेला पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी आणि हातात चक्क म्हशीच्या गळ्यातली घंटा घेऊन एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते.

"काय हरकत आहे आजोबा?" मी विचारलं.

"मी तुमच्याशी बोलतच नाय. मी अध्यक्षांशी बोलतोय." ते सरपंच सुमनताईंकडे वळले. "अध्यक्ष महोदय, सभागृहात गणपूर्ती नाय. मी मोजलंय. अकरा माणसं हायत. त्यातला एक यष्टीचा कंडक्टर हाय, तो गाडी सुटायची वाट बघतोय."

कंडक्टर ओशाळून उठला आणि बाहेर गेला. राहिले दहा.

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. हे असं दर वेळी होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तेवढ्यात गृहस्थ घंटा वाजवत वाडीत निघून गेले. दिल्लीला म्हणे गणपूर्ती नसली की घंटा वाजते आणि मेंबर जिथे असेल तिथून धावत येतो. इथे दोन बायका धावत आल्या आणि कोणाची म्हैस सुटली म्हणून विचारायला लागल्या. तेवढ्यावरच त्यांना आत बसवून गृहस्थ म्हणाले, "बारा झालं."

हे केरू कळंबे. केरूनाना. गाव त्यांना तोंडावर नाना म्हणायचं आणि पाठीमागे 'पार्लमेंट'. मी ग्रामसेवक. गावाचं नाव सांगत नाही. पोलादपूर तालुक्यातलं आहे, घाटाच्या अंगाला आहे, एवढं पुरे. एक तर माझी नोकरी अजून शिल्लक आहे, आणि दुसरं म्हणजे मी जे सांगणार आहे त्यात मला मिरवण्यासारखं काही नाही.

गणपूर्तीचं एक गुपित आहे, ते आमच्या खात्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माणसं कमी पडली की सभा तहकूब करायची. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणून आम्ही काय करतो? पहिली सभा कागदावर भरवतो, कागदावरच तहकूब करतो, आणि त्याच दहा माणसांसमोर दुसरी सभा उरकतो. राहिलेल्या सह्या शिपाई घरोघर जाऊन घेऊन येतो. बायका चुलीपुढून उठून अंगठा देतात. कशाला दिला ते विचारतही नाहीत. मला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. नाना मात्र दर वेळी उठायचे आणि म्हणायचे, "सभागृहाला फसवायचा काम नाय."

नाना मुंबईत तीस वर्षं एका ऑफिसात लिफ्टमन होते. निवृत्त झाल्यावर गावी आले, वरच्या कोंडावर. वरचा कोंड म्हणजे गावापासून पाऊण तासाची चढण, मध्ये एक ओढा, आणि पलीकडे नऊ घरं. त्यातल्या सहा घरांना कुलूप, माणसं मुंबईला. नानांच्या मुलीने हौसेने टीव्ही आणि डिशची छत्री पाठवली. वर्षभराने रिचार्ज संपला आणि फुकटातली तीनच चॅनेलं उरली. एकावर भजन, एकावर शेतीची माहिती आणि एकावर लोकसभा.

"भजनात कोण कोणाला काय इचारत नाय," नाना म्हणायचे, "आन शेतीतला तो माणूस मला टामाट्याचं सांगतोय. आमच्या डोंगरात नाचणी होतंय रे बाबा, टामाटा कुठला! मग मी लोकसभा लावली."

ती लावली ती लावलीच. मुंबईत राहिल्यामुळे हिंदी कळत होतंच. पाच वर्षांत त्यांनी अख्खी कामकाजाची पद्धत पाठ केली. शिकलेले सातवी. पण विधेयकाची तीन वाचनं कशी होतात, हे त्यांच्याइतकं स्वच्छ मला कॉलेजातही कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचे ते शेरडीवरून.

घरात पाच शेरडं होती. त्यातली एक विकायचं नानांच्या मनात आलं. विकून टाकली असती तर प्रश्नच मिटला असता. पण नाही. नानांनी रीतसर विधेयक मांडलं. अनसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, भाकऱ्या थापत होत्या.

"पयलं वाचन म्हंजे नुसतं नाव सांगायचं," नाना मला समजावत होते. "मी म्हटलं, शेरडी विक्री विधेयक मांडायला परवानगी पायजे. ही म्हणाली, मांडा. दुसऱ्या वाचनात कलमवार चर्चा. कलम एक, शेरडी कुठली. कलम दोन, कोणाला इकायची. कलम तीन, कवा. हिनं कलम एकला दुरुस्ती सुचवली. म्हणाली, काळी नको, भुरी इका. दुरुस्ती पडली. तिसऱ्या वाचनात चर्चा नाय, नुसतं मतदान. मी म्हटलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणा. मी होय म्हटलं. ही म्हणाली नाय."

"मग?"

"आवाजी मतदानात माझा आवाज मोठा होता. मी म्हटलं, होय पक्ष जिंकला. तर ही म्हणते, मतविभागणी पायजे. हक्क हाय तिचा. केली. एकास एक."

"मग अध्यक्षांचं निर्णायक मत असतं ना?"

"तेच मी म्हटलं. म्हटलं, अध्यक्ष मी. तर म्हणते, एक तर मेंबर व्हा, नाय तर अध्यक्ष व्हा. दोनदा मत दिलंत तर आज भाकरी नाय."

काळी शेरडी राहिली. पुढे तिला दोन करडं झाली. काकूंनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम उचलून दाखवली.

मी एकदा त्यांना विचारलंच, "नाना, तुम्हाला एवढं त्या लोकसभेत काय दिसतं हो? आरडाओरडा तर असतो सगळा."

नाना पिशवीची नाडी आवळत म्हणाले, "भाऊसाहेब, तीस वर्षं मी लिफ्टीत उभा होतो. मोठी मोठी माणसं माझ्या पाठीमागं उभी रायली, बोलली, उतरून गेली. मला कोणी काय इचारलं नाय. मी कोणाला काय इचारायची सोयच नव्हती. आन हिथं बघतो तर एक साधा मेंबर उभा रायतो, म्हणतो, मंत्री महोदय बतायें. आन मंत्री उठतो! अवो, उठावंच लागतं त्याला. मनात असो नसो. केवढी मोठी गोष्ट हाय ही!"

मी हसलो. मला तेव्हा ती मोठी वाटली नाही.

नानांच्या हिशेबाने सुमनताई अध्यक्ष, मी सरकार आणि ते एकटे विरोधी पक्ष. माझ्या टेबलाला ते 'पटल' म्हणायचे. खर्चाचा तक्ता मागितला की "पटलावर ठेवा" म्हणायचे. पटलाचा एक पाय विटेवर होता आणि पटलावर बहुधा माझा डबा असायचा. बारा वाजले की ते स्टँडावरच्या चहाच्या टपरीवर शून्य प्रहर भरवायचे. त्यात आगाऊ सूचना न देता वाटेल तो विषय काढता येतो. पंधरा दिवस आधी लेखी प्रश्न आणून द्यायचे. ज्याला लेखी उत्तर चालेल तो साधा. ज्याला मी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, त्याच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने चांदणी. तो तारांकित. त्यावर मग पुरवणी प्रश्न विचारता येतात.

चांदणीवाला प्रश्न तीन वर्षं एकच होता, साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पायपुलाचा. 'वरच्या कोंडाच्या ओढ्यावर साकव कधी होणार?'

हा प्रश्न का होता ते मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं! पण मला माहीत होतं. मी या गावात यायच्या आदल्या पावसाळ्यात अनसाकाकूंना दम्याचा झटका आला. चौघांनी डोलीत घालून त्यांना खाली आणलं आणि ओढ्याशी सगळे अडकले. पाणी छातीच्या वर. सकाळपासून दुपारपर्यंत काकू पलीकडच्या काठावर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, श्वासासाठी धडपडत बसल्या होत्या. पाणी उतरलं म्हणून वाचल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्यात यांना ओढ्यापलीकडे ठेवू नका. तेव्हापासून जून लागला की मुलगी येऊन त्यांना बिरवाडीला घेऊन जायची. जावई तिथल्या कारखान्यात, भाड्याची एक खोली. त्यात नानांना जागा नव्हती. आणि शेरडं कोण बघणार? जून ते दसरा, काकू तिकडे आणि नाना इकडे. वरच्या कोंडावर फोनला रेंज नाही. ओढा ओसरला की नाना खाली उतरून आमच्या ग्रामपंचायतीच्या पडवीतून फोन लावायचे. नाही ओसरला, तर नाही.

आणि मी काय म्हणायचो? "काय नाना, पावसाळी अधिवेशन का? चार महिने मोकळीक!"

असं मी म्हणायचो. ते हसायचेही. आज आठवलं की कान गरम होतात.

पहिल्या वर्षी मी उभं राहून उत्तर दिलं, "सदर प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे सादर करण्यात येत आहे." साकवाचा प्रस्ताव म्हणजे शाखा अभियंत्याच्या मागे लागायचं, त्याला घेऊन ती चढण चढायची, मोजमाप करायचं, नकाशा, ठराव, अंदाजपत्रक. नऊ घरांसाठी, त्यातली सहा बंद! मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्या वर्षी म्हणालो, "माहिती गोळा करण्यात येत आहे." नानांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि लिहून घेतलं.

"हे काय लिहिता?"

"सरकार असं म्हणालं का ते आश्वासन धरतात. त्याची वेगळी समिती असते दिल्लीला. कोणी काय कबूल केलं आन पुरं केलं का, ते बघत बसते. हिथं समिती मीच."

तिसऱ्या वर्षी, प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत, मी ठोकून दिलं, "प्रस्ताव सादर केला आहे."

"पुरवणी प्रश्न," नाना उठले. "जावक क्रमांक काय?"

सभेत थोडी खसखस पिकली. साकवाची फाईल माझ्या ड्रॉवरमध्ये डब्याच्या चमच्याखाली होती. ती तिथून कधी बाहेरच गेली नव्हती, तर जावक क्रमांक कुठून आणू? पण एवढी माणसं बघत असताना "बघून सांगतो" म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "एकशे सत्तावीस."

नानांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, "सरकारचे आभार." आणि पहिल्यांदाच दुसरा पुरवणी प्रश्न न विचारता खाली बसले. चेहरा असा फुलला होता त्यांचा. त्या दिवशी पडवीतून फोन लावायची गरजच नव्हती. काकू तेव्हा घरीच होत्या, तर सरळ सांगायला कोंडावर गेले. चढण चढताना सत्तरीचा माणूस असा झपाझप चालताना मी खिडकीतून बघितला आणि डबा उघडला.

आणखी एक सांगायला हवं. पोलादपूरला महिन्याच्या बैठकीला आम्ही ग्रामसेवक जमलो की चहाच्या वेळी मी नानांची नक्कल करायचो. हात वर करून, मान किंचित वाकडी करून, "अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा हाय!" शेरडीचं विधेयक तर माझा हातखंडा. लोक पोट धरून हसायचे. तालुक्यात माझं जे काही नाव होतं ते कामामुळे नव्हतं, त्या नकलेमुळे होतं. तीच नक्कल ऐकून आमचे विस्तार अधिकारी साहेब एकदा म्हणाले, "अहो, तुमचं हे पार्लमेंट आम्हाला दाखवा तरी! एक मेच्या ग्रामसभेला मीच येतो."

एक मेच्या आदल्या दिवशी सकाळी नाना ऑफिसात आले. हातात घंटा नव्हती. मी एकटाच होतो. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"पटलावर?" मी चेष्टेने विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "हातात घ्या."

कागदावर त्यांच्या सातवीच्या अक्षरात, ओळी आखून, लिहिलं होतं: 'अध्यक्ष महोदय, मी मागील सभेत तारांकित प्रश्नाला जे उत्तर दिले त्यात दुरुस्ती करण्यासाठी उभा आहे. जावक क्रमांक १२७ हा पिण्याच्या पाण्याच्या टीसीएल पावडरच्या मागणीचा असून साकवाचा प्रस्ताव अद्याप गेलेला नाही. सदर माहिती अनवधानाने दिली गेली. ती दुरुस्त समजावी.' खाली माझं नाव, हुद्दा, आणि सहीसाठी जागा.

मी कागद पुन्हा वरपासून वाचला.

"पोलादपूरला पंचायत समितीत गेलो होतो," नाना खाली बघत म्हणाले. "म्हटलं आपलं कागूद कुठवर आलं बघावं. तिथल्या बाईंनी रजिस्टर काढून दाखवलं. पावडर होती." मग घाईघाईने म्हणाले, "मंत्री पण चुकतात वो! मोठे मोठे चुकतात. मग सभागृहात उठतात, अमुक तारखेचं उत्तर दुरुस्त करतो म्हणतात, वाचतात आन खाली बसतात. कोण हसत नाय. पद्धत हाय ती. उद्या मी इचारीन, सरकारला काय निवेदन करायचं हाय काय. तवा तुमी उठा. मी पुरवणी इचारणार नाय."

त्या कागदात 'अनवधानाने' हा शब्द त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिला होता. म्हातारा माझी चूक धरायला आला नव्हता. माझी अब्रू कशी झाकायची याचा मसुदा करून आला होता. एवढं मला त्याच क्षणी कळलं. कळलं नसतं तर पुढच्याला काही माफी असती.

दुसऱ्या दिवशी सभा भरगच्च होती. साहेब येणार म्हणून मी घरोघर निरोप धाडले होते. साहेब पुढच्या खुर्चीत बसले आणि माझ्या कानाशी लागले, "कुठला तो तुमचा पार्लमेंट?" मी डोळ्यांनी दाखवला.

नाना उठले. नेहमीसारखे चढ्या आवाजात नाही, हळू बोलले. "अध्यक्ष महोदय, सरकारला काय निवेदन करायचं हाय काय?"

कागद माझ्या वरच्या खिशात होता. साहेब गालात हसत माझ्याकडे बघत होते. आता उठून 'मी चुकीची माहिती दिली' म्हटलं की कारणे दाखवा नोटीस ठरलेली. आणि नोटीस परवडली असती एक वेळ, पण उद्या पोलादपूरला माझीच नक्कल झाली असती.

"नाही," मी बसल्या जागेवरूनच म्हणालो. "काही निवेदन नाही."

नाना उभेच राहिले. मला वाटलं, आता वही काढणार. आता पावडर निघणार. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग सुमनताईंकडे बघितलं आणि म्हणाले, "मग माझा प्रश्न मी मागं घेतो." खाली बसले.

मागून कोणीतरी ओरडलं, "पार्लमेंट तहकूब!" सगळे हसले. साहेबही हसले. आणि देवाशप्पथ सांगतो, मीही हसलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टँडावर अनसाकाकू दिसल्या. बोचकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शेजारी नाना. महाडची गाडी यायची होती, तिथून बिरवाडी. मी तोंड चुकवून जाणार होतो, पण काकूंनीच हाक मारली.

"ओ भाऊसाहेब! साकवाचं कागूद गेलं म्हणं. यांनी सांगितलं मला, नंबर पण सांगितला." त्या हसल्या. दात पडलेले, पण हसणं छान होतं. "बरं झालं बाबा. ह्या सालाला जाताव, फुडल्या सालाला मी नाय जायाची. लेकीच्या घरात पाय लांब करायला जागा नाय. आन यांच्या हातची भाकरी शेरडं पण खात नाय."

मी नानांकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते. गाडी आली नव्हती तरी रस्त्याकडे बघत होते. म्हणजे पोलादपूरहून आल्यावर त्यांनी काकूंना काहीच सांगितलं नव्हतं. काकूंच्या लेखी मी अजून चांगला माणूस होतो.

गाडी आली. नानांनी बोचकं वर दिलं, खिडकीशी उभे राहिले. काकू आतून काहीतरी सांगत होत्या, गोळ्या कुठे ठेवल्यात वगैरे. गाडी वळणाआड गेली तरी हे तिथेच. मी तिथून अक्षरशः पळालो.

त्याच आठवड्यात मी शाखा अभियंत्याच्या घरी जाऊन बसलो. पाया पडायचा बाकी राहिलो. पाऊस धरायच्या आत त्याला घेऊन चढण चढलो, फीत लावून ओढा मोजला. नाना पलीकडे शेरडं राखत होते. त्यांनी फितीचं दुसरं टोक धरलं. महिन्याभरात प्रस्ताव गेला. खराखुरा गेला, पोच घेतली.

तेवढ्याने मन शांत होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर तिथेच ग्रामसभा बसली. चाळीस-पन्नास माणसं असतील. नाना खांबाजवळ होते, कमरेपर्यंत चिंब भिजलेले. सकाळी ओढ्यात उतरून, काठी टेकत टेकत, एकटे आले होते. पिशवी डोक्यावर धरली होती, ती तेवढी कोरडी. तारांकित प्रश्न या वेळी त्यांनी दिलाच नव्हता.

मी उठलो. खिशातून तो ओळी आखलेला कागद काढला. मे महिन्यापासून खिशात होता, घड्यांवर फाटायला आला होता.

"अध्यक्ष महोदय," मी म्हणालो. लोक हसले, त्यांना वाटलं मी नक्कल करतोय. "मी मागे दिलेल्या उत्तरात दुरुस्ती करायला उभा आहे." पावडरीपर्यंत वाचलं. 'अनवधानाने' आलं आणि मी थांबलो. कागद खाली केला. "अनवधानाने नाही. मी खोटं बोललो. तीन वर्षं मी तुमच्याशी आणि नानांशी खोटं..."

"हरकतीचा मुद्दा!"

नाना ताडकन उठले होते. आवाज जुना, चढा. "अध्यक्ष महोदय, 'खोटं' हा शब्द असंसदीय हाय! सभागृहात चालत नाय. कोणी कोणाला म्हणायचा नाय, सोताला पण नाय. कामकाजातनं काढून टाकावा!"

सुमनताईंनी पदर सावरला. त्यांना डोळे पुसायचे होते बहुतेक. "काढला," त्या म्हणाल्या. "भाऊसाहेब, फुडं वाचा."

मी पुढे वाचलं. माझ्याच्याने ते धड वाचवत नव्हतं. मग सांगितलं की प्रस्ताव आता गेला आहे, आणि पोचेचा कागद पटलावर ठेवला. कोणी हसलं नाही. नाना म्हणाले होते तसंच झालं.

"पुरवणी प्रश्न," नाना म्हणाले. "फुडल्या पावसाळ्याच्या आत साकव होईल काय?"

'प्रयत्न चालू आहेत' जिभेच्या टोकावर होतं. सवय वाईट. पण त्या ओल्या माणसाकडे बघून म्हणालो, "नाही नाना. पुढच्या पावसाळ्यात होणार नाही. मंजुरी, निविदा, सगळं व्हायचंय. त्याच्या पुढच्या वर्षीही होईलच असं मी सांगू शकत नाही." तीन वर्षांपूर्वी फाईल हलली असती तर आज तिथे साकव असता, हे कोणी बोललं नाही. सगळ्यांना कळत होतं.

नानांनी वही काढली, लिहून घेतलं, वही मिटली. "उत्तर मिळालं," ते म्हणाले. "सरकारचे आभार."

सभेचं प्रोसिडिंग मीच लिहितो. त्यात मी 'खोटं' हा शब्द लिहिला आणि अध्यक्षांनी काढायला सांगितला होता तरी खोडला नाही. पुस्तकात तो अजून आहे.

लोक पांगले. नाना पडवीत गेले आणि बिरवाडीला फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. मी आत कागद आवरत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अगो, मी बोलतो."

"किती दिस झालं वो! फोन नाय, काय नाय. पाणी लय हाय काय वड्याला?"

"नाय, पाणी कमी हाय. चालत आलो आरामात." पँटीतून अजून पाणी ठिबकत होतं. "अगो, त्या साकवाचं... कागूद जरा मागं पडलं. फुडल्या सालाला नाय होत."

मग काकू म्हणाल्या, "बरं." आणि थोड्या वेळाने, "भाऊसाहेबानं कागूद तर घातलं ना? मग होईल कवातरी. तुमी जेवलात काय?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"भात खाल्ला. वालाची उसळ होती. सुमनताईंच्या घरनं आलेली. पोटभर जेवलो."

पहाटे कोंडावरून निघालेला माणूस. झेंडावंदनाचा चहासुद्धा त्याने घेतला नव्हता, मीच बघितलं होतं.

फोन ठेवून नाना वळले तर मी दारात उभा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली, चोरी पकडल्यासारखी. लाज मला वाटायची, तर ती त्यांनाच वाटत होती.

"नाना, आत या," मी म्हणालो. पटलावरचे कागद बाजूला सारले, डबा उघडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. ते बसले आणि जेवायला लागले. मी त्यांच्यासमोर बसलो होतो, पण वर मान करून त्यांच्याकडे बघायला मला शेवटपर्यंत जमलं नाही.